वनमालाच्या दोन वेण्या

"तुझ्या वेण्या कोण घालतं गं?"

एवढंच विचारायचं होतं. मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि राजनंदिनी पैजेला नाही म्हणणारी पोरगी नव्हेच.

राजनंदिनी माझी चुलतबहीण. तिच्या तोंडून ऐकलं तसंच सांगते, पदरचं काही घालत नाही. गाव युसूफ वडगाव. गेल्या वर्षीचा डिसेंबर. आणि रात्र-बित्र काही नाही... सकाळचे नऊ. लख्ख ऊन.

वनमाला तिच्याच शाळेत, चौथीत. तिची आई मुक्ता दोन महिन्यांपासून अंबाजोगाईला दवाखान्यात. मानेखाली एक बोटसुद्धा हलत नव्हतं. बाप बजरंग तिच्या उशाशी. दरसाल दोघं ऊस तोडायला जायचे, यंदा जाणंच झालं नाही. शेळ्या विकल्या, घरातली ज्वारी संपली. घरी फक्त आजी, कौशल्याबाई. तिला नीट दिसेना आणि हात सारखे थरथरायचे. राजनंदिनीच्या घरून रोज सकाळी भाकरीचा डबा जायचा, तोच काय तो आधार.

आणि तरी...

वनमाला रोज शाळेत यायची ती चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्यांत. केसांना तेल. भांग सरळ. लाल रिबिनी.

प्रश्न विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "आई."

पोरी फिदीफिदी हसल्या. मग एकेक करून पांगल्या.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीनं केजचा सकाळचा क्लास बुडवला. दहावीचं वर्ष, घरी कळलं असतं तर खैर नव्हती. सातला पोचवायचा डबा ती नऊला, शाळेआधी वेण्या घालायच्या वेळेला घेऊन गेली.

आजी अंगणात ऊन खात बसली होती. वनमाला उंबऱ्यावर, घराकडं पाठ करून.

केस मोकळे.

तिचं डोकं हळूच मागं ओढलं गेलं...

मागं कोणीच नव्हतं.

कर्र... कर्र... कंगवा फिरत होता. केसांचे तीन पेड झाले. एकावर एक पडत गेले. राजनंदिनीच्या हातात डबा तसाच.

मग तिला दुसराच आवाज ऐकू आला.

धाप.

लांबून चालत आलेलं माणूस टाकतं तशी. वेणी निम्म्यात थांबायची... पुन्हा सुरू व्हायची. रिबीन बांधता बांधता गळून पडली. पुन्हा उचलली गेली. पुन्हा पडली.

"कालपासून आसंच करतीय," वनमाला कुरकुरली. "आधी कशी घट्ट घालायची."

तेवढ्यात आजीच्या मांडीवरचा मोबाईल वाजला. आजीनं चाचपडत तो राजनंदिनीकडं दिला. पलीकडं बजरंग. रडत होता.

"रोज नऊ वाजले की हिला धाप लागती. डॉक्टरलाबी कळंना. आज तर लई झालंय. अन् हिच्या बोटाला तेल कुठून लागतंय? नर्स मलाच इचारती."

राजनंदिनीनं वर पाहिलं. रिबीन पुन्हा उचलली जात होती...

कुठून धीर आला, तिलाही सांगता येत नाही. फोन कानाला तसाच धरून ती उंबऱ्यापाशी गेली आणि रिबिनीचं एक टोक पकडलं.

"मुक्तामावशी, राहू द्या. मी घालते."

दुसरं टोक सुटलं नाही.

ओढ लागली. बारीक... पण ओढ. आपल्या पोरीचे केस आई दुसऱ्याच्या हाती द्यायला तयार नव्हती.

मग सुटलं.

फोनवर बजरंग म्हणाला, "थांबली. धाप थांबली हिची."

त्यानंतर राजनंदिनी रोज नऊला तिथं जायची. घरी सांगायचं, क्लासला चालले. आठ दिवस मुक्ताला धाप लागली नाही. जरा उतार पडतोय, असं डॉक्टरसुद्धा म्हणाले.

नवव्या दिवशी सायकल पंक्चर झाली. दहा मिनिटं उशीर. फक्त दहा.

पोचली तर वनमाला उंबऱ्यावर बसलेली. डावी वेणी अर्धीच, वेडीवाकडी.

"आई आलती," ती म्हणाली. "मधीच गेली."

आजीचा फोन वाजत होता...

दवाखान्यात मुक्ताला आतल्या खोलीत हलवलं होतं. तोंडात नळी घातली होती. वाचेल का, कोणी काही सांगत नव्हतं.

हे मला कळलं तेव्हापासून मी सकाळी आरशासमोर वेणी घालायला बसले की पाठ भिंतीला टेकवून बसते. हसा खुशाल.

त्या नवव्या दिवशीच संध्याकाळी क्लासच्या सरांनी घरी फोन करून विचारलं की पोरगी आजारी आहे का. अमरसिंहकाका, म्हणजे राजनंदिनीचे वडील, भडकलेच. काकूंचं म्हणणं, भाकरी देतोय तेवढं बास, लोकाचं दुखणं आपल्या दारात कशाला आणायचं. दोघं बोलत होते आणि राजनंदिनी ऐकत उभी होती. वनमालाचा हात तिच्या हातात. आज सोबतच घेऊन आली होती.

बोलून दमले, तेव्हा ती बोलली.

"अप्पा, क्लास मी सोडलाय. घरीच अभ्यास करीन. मम्मी, ही आजपासून आपल्याकडं राहणार, माझ्याजवळ झोपणार. आजीचा डबा सांजच्यालाबी जाईल. अन् हिची वेणी रोज नऊच्या आत मी घालणार. कावून, ते विचारू नका. हिची आई आता एकदा जरी इकडं आली ना... तर माघारी जायची ताकद तिच्यात उरली न्हाई."