चार बोटं जास्त

मी थापाड्या आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. रंध्याने ढगाचा कोपरा तासल्याची गोष्ट माझीच. पोरं हसतात, मीही हसतो.

पण ही थाप नाही.

थाप मारायला मला वेळ लागत नाही. हे सांगायला एकतीस वर्षं लागली, त्यावरून काय ते समजा.

मंगळवार होता. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवसा झोपावं.

आम्ही दोघे भाऊ सुतार. खाली कारखाना, वर घर. घरात तिघं: दादा, वहिनी आणि मी. माझं लग्न जमलं नाही. वहिनी म्हणायची, "भावजी तोंड उघडतात आणि मुलगी चप्पल शोधते."

दादा माप घ्यायचा, मी कापायचो. दादा माझ्याहून चार बोटं उंच. त्या चार बोटांचा त्याला काय माज! मी काही बोललो की माझ्या डोक्यावर हात टेकवून म्हणायचा, "आधी इथवर ये, मग बोल."

आमच्या कामाची एक रीत होती, वडिलांपासूनची. कपाट असो वा पेटी, आतून मापापेक्षा चार बोटं जास्त ठेवायची. सामान काढायला हात घालावा लागतो, त्याला जागा नको?

फक्त एका गिऱ्हाइकाला ही रीत चालत नसे.

मापवाला.

गावात कुणी गेलं की त्याची शेवटची तयारी हा करून द्यायचा. अंघोळ, कपडे, पेटी, गाडी, सगळं. उंच, काळा कोट, हातात पांढरे मोजे. बोलणं इतकं गोड की दात किडावेत. कारखान्यात यायचा आणि एक दोरी ठेवायचा. दोन्ही टोकांना गाठ. नाव नाही, गाव नाही.

"दोरीएवढी पेटी, कारागीर. केसभरही जास्त नको."

एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली...

दोरी आधी यायची. माणूस नंतर जायचा.

आणि आमच्या जमिनीवर वीतभर भुसा. मांजर चाललं तरी ठसा उमटे. मापवाला आत येऊन परत जाई...

भुसा तसाच.

"दादा, याची पावलं बघितलीस?"

"तू करवत बघ. गिऱ्हाइकाच्या पायाकडे कशाला बघतोस?"

तर, त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी मापवाला आला. मी मागे करवतीवर होतो. दादाने दोरी हातात घेतली, उभी धरली... आणि फळ्यांच्या ढिगाला टेकला. मग दोघं बराच वेळ कुजबुजत होते. मापवाला गेला तेव्हा दादाचा सदरा घामाने भिजला होता.

"काय रे, कुणाची दोरी?"

"कुणाची नाही. परत नेली त्याने."

त्या दिवसापासून दादा माझ्याशी फार चांगला वागायला लागला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. रविवारी जेवणं झाल्यावर म्हणाला, "माझ्या पलंगावर पड जरा. खिडकीचा वारा लागतो. किती राबतोस!"

मी पडलो. छान झोप लागली.

जाग आली तेव्हा पलंगाच्या कडेच्या फळीवर खडूच्या दोन रेघा होत्या. एक माझ्या डोक्याशी... एक टाचांशी.

"दादा, या रेघा कसल्या?"

"फळी बदलायचीय."

सोमवारी त्याने माझ्यासमोर एक दोरी टाकली. "गालिचेवाल्याची पेटी करायचीय. गालिचे गुंडाळून आडवे ठेवणार आहे. उद्या दुपारी हवी." बोलत होता माझ्याशी, पण बघत होता खिळ्यांच्या डब्याकडे.

मंगळवारी तीनला पेटी तयार झाली. मी पॉलिशचा बोळा फिरवत होतो.

आणि समोरच्या लोहाराचा घण थांबला.

मग नळाची टपटप थांबली.

माझ्या हातातला बोळा लाकडावर फिरत होता, पण त्याचाही आवाज येईना...

मग एकच आवाज. भुशावरून दोरी ओढत आणल्याचा. सर्र... सर्र...

"झाली का पेटी, कारागीर?"

मी म्हटलं, "ही तुमची नाही. गालिचेवाल्याची आहे."

मापवाला हसला. हसताना त्याचे फक्त ओठ हलले. "तुझा दादा कुठल्याच गालिचेवाल्याला ओळखत नाही. शनिवारी मी त्याची दोरी घेऊन आलो होतो. रडला बिचारा. म्हणाला, दुसरं माप देतो, हे घेऊ नका. म्हटलं, दे. मी मापाचा माणूस, मला चेहऱ्याशी काय करायचंय?"

"दादा!" मी ओरडलो.

दादा जिन्यावरच बसला होता. हातात चहाचा कप. सगळं ऐकत होता.

"दादा, हा काय म्हणतोय?"

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "तुझ्यामागे रडायला कोण आहे रे? मला बायको आहे."

एवढंच.

भूत बघितल्यावर माणसाच्या अंगावर काटा येतो म्हणतात. मला मापवाल्याला बघून काटा आला नाही. या वाक्याने आला, आणि अजून उतरलेला नाही.

मापवाल्याने माझी दोरी पेटीत अंथरली. एक टोक डोक्याशी, एक पायाशी. मग थांबला. मोजा काढला. आतला हात मेणासारखा पांढरा. उरलेल्या जागेत त्याने बोटं ठेवली...

एक. दोन. तीन. चार.

"जास्त आहे," तो म्हणाला. आणि त्याची मान हळूहळू जिन्याकडे वळली. खांदे हलले नाहीत, फक्त मान. "दोरी बदलता येते, थोरल्या. पेटी नाही. पेटी ज्याच्या मापाची झाली, तो माझा."

दादाचा चेहरा पांढराफटक. "तू... तू चार बोटं जास्त ठेवलीस?"

"गालिचेवाल्याची म्हणालास ना? रीत आहे आपली."

मापवाल्याने माझी दोरी गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली. "ही जपून ठेवतो," मला म्हणाला. "पण माणसं बदलतात. लागली तर नवी मागवेन."

ठण्ण!

लोहाराचा घण पुन्हा सुरू झाला होता. मापवाला नव्हता. पेटी नव्हती. भुशावर माझ्या एकट्याची पावलं.

दादा जिन्यावर तसाच बसलेला. कपातून वाफ निघत होती. दादाच्या नाकातून काही निघत नव्हतं.

संध्याकाळी शेजारीपाजारी जमले. पेटी कोण आणणार, यावर बोलणं चाललं होतं. कुणीतरी दार उघडलं, तर पेटी उंबऱ्याशी ठेवलेली. दादा तिच्यात बरोब्बर मावला.

वहिनीने डोळे पुसत विचारलं, "भावजी, इतकी मापात कशी हो?"

मी म्हणालो, "योगायोग."

आता तुम्ही विचाराल, ती चार बोटं खरंच रीत म्हणून ठेवलीस का?

हो. रीत म्हणूनच.

फक्त एक सांगायचं राहिलं. सोमवारी फळी कापण्याआधी सहज गंमत म्हणून मी त्या दोरीच्या एका टोकावर पाय ठेवला आणि दुसरं वर ओढलं. गाठ बरोबर माझ्या टाळूला लागली. मला त्या खडूच्या रेघा आठवल्या. शनिवारची कुजबुज आठवली.

आणि मग मी पेन्सिल उचलली.

रीतच होती ती. शपथ घेऊन सांगतो.

हे मी कुणाला बोललो नाही. निदान जागेपणी तरी. झोपेत मी बडबडतो म्हणे, वहिनीच सांगते. काय बडबडतो, ते मात्र कधी सांगत नाही.

आजही घरात आम्ही दोघंच आहोत. ती सत्तरीची, मी त्याच्या आसपास. वहिनी दोन वेळचं गरम वाढते, औषधाची आठवण करते. सख्खी बहीण करणार नाही इतकं केलं तिने.

म्हातारपणी माणूस आखडतो. मी दोन-तीन बोटं तरी कमी झालोय. म्हणजे मापवाल्याच्या खिशातली दोरी आता माझी नाही, याचा मला आनंदच होता. तरी खबरदारी म्हणून मी एकतीस वर्षं पाय पोटाशी घेऊनच झोपतो.

गेल्या रविवारी जेवून जरा पडलो होतो. जाग आली. पलंगाच्या फळीकडे नजर गेली...

उशाशी खडूची रेघ.

एकच. पायाशी नव्हती.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. कप धरलेली तिची बोटं टोकांशी पांढरी दिसली. पीठ असेल, म्हटलं. पण त्या दिवशी तिने नुसता भात केला होता.

तिने कप खाली ठेवला. माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. नेहमीच्याच मायेने म्हणाली,

"भावजी, किती आखडून झोपता हो... जरा पाय सरळ करत जा."