आबाजींचा शिंगवाला भुंगेरा

सूड घ्यायचा, हे ठरलं होतं. कसा, एवढंच राहिलं होतं. त्यासाठी नागपूरच्या प्रताप नगरात दामिनीच्या घरी कूलरसमोर बैठक भरली. तिचा धाकटा भाऊ चेतन म्हणाला, सुमंतकाकांच्या स्कूटरच्या डिक्कीत झुरळं सोडू. शेजारच्या धम्मदीपने विचारलं, झुरळांनी काय बिघडवलंय?

दामिनीचे आबाजी किड्यांची जुनी चित्रं जमवायचे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून, शाई भरून, कागदावर दाबून छापलेली. त्यातला शिंगवाला भुंगेरा त्यांचा सगळ्यात लाडका. नातवंडांचा नंबर त्याच्यानंतर लागायचा. आता आबाजींना दिसत नव्हतं, पण कागदावर उमटलेला पत्र्याच्या कडेचा खोलगट वण ते बोटांनी ओळखायचे. नवी काच लावायला भुंगेरा सीताबर्डीच्या सुमंत फ्रेमवाल्याकडे गेला. परत आल्यावर आबाजींनी फ्रेम उघडायला लावली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा आपला नव्हे वं, दामिनी." कागद गुळगुळीत होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दामिनीने दुकानात जाऊन विचारलं, तर सुमंतकाका हसले होते. "बुढ्याले दिसत नाही, अन् चित्र ओळखून राहिला?"

ते हसणं दामिनीच्या डोक्यातून जाईना. म्हणूनच झुरळांना माफी मिळाली आणि तिचा बेत पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी आबाजींना बाहेर ऑटोत बसवून तिघं दुकानात शिरली. दामिनीने अगदी शहाण्या मुलीचा चेहरा केला. "काका, आबाजीच्या भुंगेऱ्याले वाळवी लागली होती. तुम्ही कशी काढली? आता तर एक बी नाही."

"वाळवी?"

धम्मदीपने सहानुभूतीने सांगितलं की ती कागदातून लाकडात जाते. दुकानात लाकडाशिवाय काहीच नव्हतं. ठरल्याप्रमाणे चेतन भिंतीवरच्या फ्रेमांकडे बघत अंग खाजवू लागला.

सुमंतकाका स्टुलावर चढले, माळ्यावरून एक गुंडाळी ओढली आणि टेबलावर झटकली. वाळवी पडली नाही. गुंडाळी उलगडून भुंगेरा मात्र समोर आला, शिंगं रोखून.

दामिनीने कडेवरून बोट फिरवलं. वण होता.

"आबाजीले दिसत नाही, काका. तुमाले दिसून राहिलं का?"

चेतनचा हात धरून आबाजी आत आले. पोलिसांना बोलवू का, असं धम्मदीपने विचारलं. आबाजींनी त्याहून वाईट शिक्षा दिली. सोबत आणलेला खोटा भुंगेरा गल्ल्याच्या वरच टांगायचा, खाली पाटी लावायची, 'हा नकली आहे', आणि कोणी काहून म्हणून विचारलं, तर सगळं सांगायचं. सीताबर्डीत असं विचारणाऱ्यांना तोटा नाही.

परतताना ऑटोत आबाजी भुंगेऱ्याला मांडीवर घेऊन बसले.

"शाबास गा पोट्टेहो. आज तुमचा नंबर याच्या आधी."

"आणि उद्या?" चेतनने विचारलं.

आबाजींनी कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"उद्याचं उद्या पाहू."