पहिलं बोट

दुरुस्ती पुन्हा नामंजूर होऊन आली तेव्हा ईशानी केळुसकर मेथी निवडत होती. शेरा नेहमीचाच होता: ‘वाचकयंत्राला मजकूर समजतो. बदलाची गरज नाही.’ तिने हातातली जुडी ताटात आपटली.

‘खुला’ हा फोन कुठल्याच कंपनीचा नव्हता. देशोदेशीच्या हौशी तंत्रज्ञांच्या एका गटाने तो मिळून घडवला होता आणि त्याची प्रणाली कोणीही उघडून वाचावी, सुधारावी अशी होती. जाहिराती नाहीत, पाळत नाही. पण कंपनी नाही म्हटल्यावर अडलेलं कुलूप उघडून देणारंही कोणी नव्हतं. म्हणून फोन पहिल्यांदा सुरू करताना जे बोट लागेल, त्याचा ठसा चिपमध्ये कायमचा कोरला जाई. ते बोट ज्याचं, तो मालक. प्रणालीची नवी आवृत्ती आली की फोन तेच जिवंत बोट पुन्हा मागे, आणि ते मिळालं नाही तर बंद पडे.

हे सगळं ‘सुरुवात करताना’ या मार्गदर्शिकेत लिहिलेलं होतं. फक्त ते बऱ्याच आत, ‘यंत्राधारित विश्वासमूळ’ अशा भारदस्त मथळ्याखाली होतं. ईशानी हौसेने ही मार्गदर्शिका सोपी करायला बसली होती आणि आता तिची हौस पुरती फिटली होती.

नवख्या माणसाच्या जागी गट एक वाचकयंत्र वापरत असे. काहीच माहीत नसल्याचं सोंग घेऊन ते पानं वाचे आणि गुण देई. एकदा चिडून ईशानीने त्यालाच विचारलं होतं, घरी नवा फोन आला तर सगळ्यात आधी काय करशील? मार्गदर्शिका शेवटपर्यंत वाचेन, असं उत्तर आलं. असा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

विट्याच्या तेजश्री माळीने मात्र चारचौघींसारखंच केलं होतं. फोन देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि सासऱ्यांना हाक मारली. त्या घरात मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक वस्तू पहिल्यांदा आप्पांच्या हाताने सुरू होते. आप्पांनी धोतराला बोट पुसलं, फोनला लावलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले.

तो फोन घेतला होता शौर्यसाठी. तेजश्रीच्या या लहानग्याला मधुमेह होता. त्याच्या पोटात बसवलेला इन्सुलिनचा पंप त्या फोनच्या हुकमावर चाले. पंप एकदा जोडला की दुसऱ्या फोनचं ऐकत नसे. बदलायचा तर ऑपरेशन, आणि ते पोरगं जरा मोठं झाल्यावरच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पांना हृदयविकाराचा पहिला झटका येऊन गेला, तेव्हा घाबरलेल्या तेजश्रीने मदतीसाठी गटाला फोन केला. तो ईशानीने घेतला होता. उपाय नाही हे सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती.

मेथी तशीच टाकून ती गटाच्या बैठकीत शिरली. सगळ्यात वर एकच वाक्य हवं, असं तिने पुन्हा सांगितलं: थांबा, फोन ज्याचा आहे त्यानेच पहिलं बोट लावायचं, मोठ्यांचा मान नंतर. गटप्रमुख सलील देव पडद्यावर हसला. तांत्रिक मजकुरात घरच्या चालीरीती कशाला, उद्या नारळ कुठे फोडायचा तेही लिहायचं का, असं त्याने विचारलं. दोघेतिघे हसले. ईशानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुमच्या आईकडे खुलाच आहे ना? त्याला पहिलं बोट कोणी लावलं?”

“आईला कुठे जमतंय? मीच सगळं लावून दिलं...” सलील बोलता बोलता थांबला. तो राहायला बर्लिनला होता आणि आई मिरजेत एकटी.

मग कोणीच हसलं नाही. एकाने बायकोचा फोन सुरू करून दिला होता, एकीने वडिलांचा. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनीही ती वाचली नव्हती. ईशानीचं वाक्य बिनविरोध मंजूर झालं. इतके महिने डोकं आपटल्यावर मिळालेल्या या यशाचा तिला काडीचाही आनंद झाला नाही.

तिने तेजश्रीला फोन करून कळवलं. पुढच्यांचं तरी भलं होईल, असं तेजश्री समजुतीने म्हणाली. मग हळूच तिने घरची तऱ्हा सांगितली. आप्पांना आता विळ्याला हात लावू देत नाहीत. चूल नाही, बंब नाही. ती रोज त्यांच्या त्या एका बोटाला तेल चोळते. आधी त्यांच्या छातीची काळजी वाटायची, आता नजर आधी बोटाकडे जाते, हे सांगताना तिला रडू फुटलं.

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. आप्पांनी फोन मागून घेतला होता.

“बाई, ते पुस्तक लिवणाऱ्या तुमीच न्हवं? मग मला येवढंच सांगा. पोरगं मोठं हुईस्तवर ह्ये बोट जित्तं कसं ठेवायचं?”