आधी समोरच्याचं

कॉर्मक कॅरू मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझं बेट बंद करत होता.

खरं तर मी त्या खोलीत जाणारच नव्हते. समुद्रकाठच्या सेंट जॉन्स शहराचा पाऊस आडवा येतो, छत्रीला जुमानत नाही, म्हणून आमच्या विद्यापीठात एका इमारतीतून दुसरीत जायला जमिनीखालून बोगदे आहेत. त्या बोगद्यांत मी पहिल्याच आठवड्यात हरवले. केसांतून पाणी निथळतंय, बुटांतून पचक पचक आवाज येतोय... आणि एका उघड्या दारातून ऐकू आलं, "कॅपलिन टिकल बेट घ्या. एकतीस माणसं. एकतीस! एवढ्यांसाठी वर्षभर सरकारी बोट चालवायची?"

मी दारातच थांबले.

"एकतिसावी मी," मी म्हणाले. "बोल पुढे."

दहा-बारा डोकी वळली. बोलणारा मुलगा उंच होता, आणि बघता बघता त्याचे कान लाल झाले. "तू... भिजलीयस," तो म्हणाला.

"तुझ्या बोलण्यानं नाही भिजले. बोल ना, थांबलास का?"

सगळे हसले. तोही हसला, आणि माझी पंचाईत झाली, कारण हसताना तो फार बरा दिसत होता.

तर ते होतं विद्यापीठाचं चालू घडामोडी मंडळ. दर गुरुवारी चार वाजता भरायचं, म्हणून सगळे त्याला नुसतं 'गुरुवार' म्हणायचे. किटलीभर चहा, डब्यातलं घट्ट दूध, काकवीची बिस्किटं आणि त्या आठवड्याचं राजकारण. मंडळाची अध्यक्ष नेटी. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आम्हा सगळ्यांना पेशंटसारखं वागवायची.

"बस," ती मला टॉवेल देत म्हणाली. "पण इथे एक नियम आहे. आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. पाच मिनिटं. तो जोवर 'हेच' म्हणत नाही तोवर आपलं तोंड उघडायचं नाही."

"म्हणजे माझं बेट बंद करा, असं मीच सांगायचं?"

"हो."

"माझी जीभ तिकडे वळत नाही."

"मग नुसता चहा पी," नेटी म्हणाली.

आणि मी पीत राहिले! मच्छीमारीचा कोटा, परिचारिकांचा संप, घरभाडी, या सगळ्यांवर मी भांडले. पण बेटांचा विषय निघाला की कप तोंडाला लावायचे. मी डर्नफर्डांची मुलगी. आमच्या घराण्यात मान तुटते, वाकत नाही.

कॉर्मक मात्र ऐकेना. त्यानं माझी बाजू मांडायला घेतली. दर गुरुवारी उभा राहायचा, माझ्याकडे बघून घसा साफ करायचा आणि सांगायचा, कॅपलिन टिकलच्या लोकांना का राहायचंय. मी मान हलवायचे. नाही.

"परंपरा?" तो विचारायचा.

"पर्यटकांसाठीच्या पाट्यांवरचा शब्द आहे तो."

"समुद्रावर प्रेम?"

"आमचे निम्मे लोक त्या समुद्रानं गिळलेत. प्रेम कसलं!"

मग तो मला बोगद्यांत गाठायला लागला. उपाहारगृहात माझ्यासमोर ग्रेव्ही घातलेल्या बटाट्याच्या चिप्सची ताटली ठेवायचा आणि वही उघडायचा. "टॅमसिन, तुमच्याकडे सकाळी पहिला आवाज कसला असतो?" "दाराला कुलूप का नसतं?" "कुणी मेलं तर खड्डा कोण खणतं?" मी उत्तरं द्यायचे, तो लिहून घ्यायचा. लिहिताना त्याच्या भुवया एकमेकींना भेटायच्या. मी चिप्स कमी खायचे आणि भुवयाच जास्त बघायचे.

"एवढं कशासाठी?" मी एकदा विचारलं. "परीक्षेला येणार आहे का मी?"

"तू 'हेच' म्हणावंस म्हणून," तो म्हणाला आणि लगेच वहीत डोकं घातलं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी बाहेर धुकं इतकं दाट होतं की खिडकीतून झाडही दिसेना. कॉर्मक उठला. वही बंद होती. "तिथे कुणी मेलं," तो म्हणाला, "तर खड्डा शेजारी खणतात. ज्याच्याशी भांडण असेल तो सगळ्यात आधी फावडं उचलतो. या एकतीस जणांना प्रत्येकाला माहीत आहे, आपला खड्डा कोण खणणार. शहरात हे मला माहीत नाही. माझ्या बापालाही नाही. सोडून जा म्हणजे हे सोडून जा, असं आपण त्यांना सांगतो... आणि वर बोटीचा खर्च दाखवतो."

एका टाउनी, म्हणजे शहरी, पोराच्या तोंडून माझं गाव उभं राहिलं होतं, आणि अभिमानानं छाती अशी फुगली की स्वेटर घट्ट वाटायला लागला.

"हेच," मी म्हणाले.

टाळ्या वाजल्या. नेटीनं डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडला, "आता तुझी पाळी."

मी कप ठेवला आणि बाहेर पडले.

तो मागोमाग आला. झिमझिम पावसात, कोटाविना. "टॅमसिन! काय झालं?"

"तुला काही कळत नाही."

"मग सांग की."

मग मी सांगितलं. बेट सोडण्याचा अर्ज सरकारनं केलेला नव्हता, तो आमच्यातल्याच माणसानं केला होता. माझ्या सख्ख्या काकानं. झीक काका. माझा बाबा आणि तो, दोघांची घरं शेजारी, धक्का एक, होडी एक. ऑगस्टात त्यानं अर्ज टाकला आणि त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. आता मार्चमध्ये मतदान होतं. चारांतल्या तिघांनी 'जाऊ' म्हटलं की सरकार घरटी भरपाई देणार, मग बोट बंद, वीज बंद, गाव संपलं. आणि निघताना मी काकाचा निरोपसुद्धा घेतला नव्हता.

"काकाचं म्हणणं काय आहे?" कॉर्मकनं विचारलं.

"कोण जाणे."

"विचारलं नाहीस?"

"फितुराला काय विचारायचं!"

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. त्यानं माझ्या कोटाचं सुटलेलं बटण लावलं, एकच, वरचं... आणि थरथरत आत गेला. मला माझीच लाज वाटली.

त्या शनिवारी मी रूबी काकूला, झीक काकाच्या बायकोला, फोन केला. तिची किडनी गेलेली, आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडून घ्यायला पलीकडच्या गावी जावं लागतं, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं. तिकडे कशी राहतेस विचारलं की ती म्हणायची, मजेत आहे, दुकानं बघते.

"काकू, खरं सांग."

"वारा सुटला की बोट येत नाही, पोरी. म्हणून मी रविवारी जाते ती शुक्रवारी रात्रीच परत येते. तिकडे कुणाच्या तरी सोफ्यावर झोपते. मी घरी फक्त शनिवारी असते. घर सोडायचं काय घेऊन बसलात, माझं कधीच सुटलंय."

"बाबाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यानं एका मिनिटात 'जाऊ' म्हटलं असतं. म्हणून नाही सांगितलं. दुखणं दाखवून मत मागायचं नाही, असं झीक म्हणाला. मलाही तेच पटलं."

मान न वाकवणारे काय फक्त आम्हीच होतो!

पुढच्या गुरुवारी मी उभी राहिले. काकूचं नाव घेतलं नाही. पण सोफा सांगितला, शनिवार सांगितला, वारा सुटल्यावर खिडकीत बसून राहणारा नवरा सांगितला. पाच मिनिटं कधी संपली कळलं नाही. मग मी कॉर्मककडे बघितलं. त्यानं 'हेच' म्हणायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "हे माझं म्हणणं नाही. मी आकडे सांगत होतो. तू माणूस सांगितलास."

नेटीनं पहिल्यांदाच नियम मोडून मला पास केलं.

मार्चमध्ये मतदानाला जाताना कॉर्मकनं गाडी काढली. "टाउनीची गाडी आमच्या रस्त्यावर टिकायची नाही," मी म्हणाले. "टाउनी टिकला म्हणजे झालं," तो म्हणाला. सात तास गाडी, दीड तास बोट. बोटीत तो चार वेळा कठड्याशी जाऊन ओकून आला आणि दर वेळी परत येऊन मला म्हणाला, "छान आहे हं समुद्र."

चर्चच्या सभागृहात सगळं गाव जमलं होतं. डावीकडे राहणारे, उजवीकडे जाणारे, मधून चालायची वाट. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. झीक काका वाटेपलीकडच्या रांगेत, तशीच घडी घालून. कॉर्मक मागे शेगडीपाशी उभा राहिला. बाहेरच्यानं तिथे बोलायचं नसतं, हे मी त्याला बजावलं होतं.

मतपत्रिका वाटायच्या आधी मी उठले. "आमच्या कॉलेजात एक पद्धत आहे," मी म्हणाले. "आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. तो 'हेच' म्हणेपर्यंत."

"इथे शाळा उघडलीय का?" कुणीतरी म्हणालं.

"बाबा," मी म्हणाले, "तू सुरू कर. झीक काकाला का जायचंय?"

मला वाटलं तो उठणारच नाही. पण पोरीनं चारचौघांत सांगितलं होतं. तो उठला. "झीकला सरकारचे पैसे हवेत."

"नाही," झीक काका म्हणाला. सात महिन्यांत भावाशी बोललेला पहिला शब्द.

"झीकला कंटाळा आलाय इथला."

"नाही."

बाबा थांबला. त्यानं काकाकडे बघितलं, मग रूबी काकूकडे. काकूचा कोट तिच्या अंगावर दोन मापं मोठा झाला होता. बाबाचा आवाज एकदम खाली आला.

"माझ्या खिडकीतून त्याचं टेबल दिसतं," तो म्हणाला. "सहा दिवस एकच ताट असतं. शनिवारी दोन. मी रोज बघतो. बघतो आणि पडदा ओढतो... झीकला त्याची बायको घरी हवीय. एवढंच मागतोय तो."

झीक काकाच्या हाताची घडी सुटली. "हेच, अँब्रोज," तो म्हणाला. मग तो स्वतःच उभा राहिला. "आणि अँब्रोजचं म्हणणं असं, की आपण गेलो तर आई-बाबांच्या थडग्यांवरचं गवत कोण कापणार. दर जूनला तोच कापतो. मी कधी गेलो नाही."

"हेच," बाबा म्हणाला.

दोघांतली वाट दोन पावलांची होती. बाबानंच ओलांडली.

मग मतदान झालं. 'जाऊ' या शब्दापुढे मी मताची फुली मारली, आणि ती सरळ आली. सव्वीस विरुद्ध पाच. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी रडलंही नाही. बाबानं टोपी घातली, ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्या कुणी विचारलं तर सांगा. आम्हाला कुणी उठवलं नाही. आम्ही उठलो."

आयुष्यात इतका अभिमान मला कशाचा वाटला नव्हता. गाव हरले होते मी, आणि तरी मान वर होती.

कॉर्मक धक्क्यावर सापडला. पाठमोरा. वाऱ्यात खांदे हलत होते.

"जिंकलास की रे," मी म्हणाले. "सप्टेंबरपासून हेच हवं होतं ना तुला?"

"मला हे असं जिंकायचं नव्हतं." तो वळला. नाक लाल, डोळे लाल, कान तर विचारूच नका. "टॅमसिन, मी जूनमध्ये येतो. सामान उचलायला. गवत कापायला. तुमच्यातला कुणीच नसलो तरी... येऊ?"

मी उत्तर देणार तेवढ्यात रूबी काकू काकाच्या हाताला धरून हळूहळू धक्क्यावर आली. आमच्याकडे नवखा माणूस दिसला की नाव नंतर विचारतात, आधी कुणाचा ते विचारतात. काकूनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"टॅमसिन, हा कुणाचा गं?"

कॉर्मकनं बापाचं नाव सांगायला तोंड उघडलं. मी त्याचा गार हात माझ्या हातात घेतला.

"माझा," मी म्हणाले.

पाच-पाच मिनिटं न थांबता बोलणाऱ्या त्या मुलानं नुसता माझा हात घट्ट धरला. बाबा मागून येत होता, त्यानं ऐकलं आणि खोकल्यासारखं केलं. काकूनं मान डोलावली.

"मग उभी काय राहिलीस? चहा दे त्याला. पोरगा निळा पडलाय."