एकोणीस ठिगळं

मला गोष्ट रचता येत असती, तर तिचा शेवट मी असा केला नसता. एवढ्यावरूनच ओळखा की हे घडलेलं आहे.

माझ्या मावसबहिणीच्या घरी घडलं. गेल्या हिवाळ्यात. आणि रात्री नाही हं. भुतांनी रात्री यावं असा रिवाज असेल, पण हे यायचं दुपारी तीनला. भांडी घासून पालथी घातल्यावर, शेजारपाजार आडवा झाल्यावर... लख्ख उजेडात.

ती माझी ताई, म्हणून तुम्हीही ताईच म्हणा. रेडिओच्या जुन्या टेपांच्या विभागात ती नोकरीला. काम काय, तर खोकले काढायचे.

हसू नका.

जुन्या कार्यक्रमांच्या टेपांवर श्रोत्यांचे खोकले असतात, शिंका असतात, खुर्च्यांची करकर असते. धान्यातले खडे निवडावेत तसं ते निवडून काढायचं. ऑफिसात तिला 'डॉक्टरीण' म्हणायचे. बावीस वर्षांत हजारो खोकले बरे केले होते तिने.

खोकला काढला की तिथं भोक पडतं. ठार मुकं भोक. जिना उतरताना एखादी पायरीच नसावी, तसा कान दचकतो. म्हणून त्यावर शांततेचं ठिगळ लावायचं. त्याच हॉलमधली, त्याच संध्याकाळची दोन-तीन सेकंदांची शांतता. हे तिला शिकवलं तिथूनच निवृत्त झालेल्या एका काकांनी. जाताना बजावून गेले होते,

"पोरी, शांतता उसनी आणू नकोस. तिलाही घर असतं."

ताईने मान डोलावली. सगळेच डोलावतात.

मग त्या रशियन टेपा आल्या.

पन्नास वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात शहराच्या ऑर्केस्ट्राने रशियन सिंफन्या वाजवल्या होत्या. साहेबांना त्यांचा संच बाजारात आणायचा होता. टेपा इतक्या चिकटलेल्या, की आधी तासन्‌तास मंद आचेच्या पेटीत शेकायच्या. मग एकदा वाजायच्या, आणि वाजता वाजता तपकिरी भुकटी होऊन गळायच्या. संगणकात उतरलं तेवढंच उरलं. अशा वेळी एक प्रत जशीच्या तशी, न कापता बाजूला ठेवायची असते. ताई म्हणाली, उद्या ठेवू.

ते उद्या राहूनच गेलं.

रशियन संगीताचं एक असतं, ताई म्हणायची. एकतर छप्पर उडेल असा गडगडाट, नाहीतर मुंगी चालली तरी ऐकू येईल असा सन्नाटा. आणि माणूस जातच अशी, की नेमकी सन्नाट्यात खोकते. शेवटच्या सिंफनीचा शेवट तर विझत जाणारा. आधी पितळी वाद्यं गप्प होतात, मग व्हायोलिनं, मग नुसती जाड तारांची घरघर उरते... आणि तीही थांबते.

त्या एका सिंफनीत अठरा खोकले होते. आणि अगदी शेवटी एकोणिसावा आवाज. एक लांब सोडलेला श्वास, आणि काठी पडल्याचा खडखडाट. मग टाळ्या.

"टाळ्यांचीसुद्धा वाट बघवेना मेल्याला," ताई म्हणाली. निघाला असेल घरी लवकर.

एकोणीसही तिने काढले. पण ठिगळांना कापडच नव्हतं. अख्खा हॉल सर्दीने बेजार. दोन सेकंदांची स्वच्छ शांतता म्हणून कुठे सापडेना. साहेब तर डोक्यावर बसलेले.

तेव्हा तिला घर आठवलं.

घरात ती आणि तिची आई, म्हणजे माझी मावशी. मावशी चौऱ्याहत्तरची, ठणठणीत. "खोकल्याला माझा पत्ताच माहीत नाही," असं म्हणायची. दुपारी झोपली की श्वाससुद्धा ऐकू येणार नाही अशी झोप. ताईने रजा टाकली. उशाशी खुर्ची ओढली, खुर्चीवर रेकॉर्डर ठेवला, आणि तीन वाजता मावशीच्या खोलीतली शांतता भरून घेतली.

तिची एकोणीस ठिगळं झाली. इतकी बेमालूम, की साहेबांनी पेढ्यांऐवजी चक्क कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मावशी खोकली.

एकदाच. बारीक, पोरसवदा खोकला... शाळकरी मुलीचा असावा तसा.

"अगोबाई! हा कुणाचा म्हणायचा?" मावशीच हसली.

त्याच्या पुढच्या दिवशी, तीनला, दुसरा. विडी ओढणाऱ्या माणसाचा, छातीतून खरवडून आलेला. त्यानंतर रुमालात दाबलेला. मग दोन उसळ्यांचा, दुसरी अर्धवटच तुटलेली...

चौथ्या दिवशी ताई सुट्टीमुळे घरी होती. तो तुटका खोकला तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

तिला तो तोंडपाठ होता. चौथा. पहिल्या भागात, बासरीच्या जरा आधी. कापायला पाऊण तास लागला होता.

मी फोनवर तिला वेड्यात काढलं. "अगं, खोकला तो खोकला. त्याच्यावर काय नाव कोरलेलं असतं?"

"बावीस वर्षं दुसरं केलंय काय मी?" ताई म्हणाली.

डॉक्टरांनी छाती तपासली. साफ. घसा बघितला. साफ. मावशी थट्टा करायची, "लोकांचे खोकले पुसतेस, ते जाणार कुठे बिचारे? आले आपल्याकडे वस्तीला."

आठव्या दिवसापासून मात्र तिची थट्टा आटली. पावणेतीनला पलंगाची कड धरून बसायची. खोकला येऊन गेला की गळा चाचपून बघायची.

"हा पुरुष होता गं," एकदा हळूच म्हणाली. "आतून दाढी टोचली मला."

ताईने कागदावर यादी केली होती. रोज एकावर काट मारायची. अकरा. बारा. तेरा.

चौदाव्या दिवशी तिने टेपेचा जुना खोका पुन्हा उघडला. तळाशी त्या वेळच्या रेकॉर्डिंगवाल्याची चिठ्ठी होती. पेन्सिलीने लिहिलेली.

'अखेरीस आवाज आला आहे. बाल्कनी, चौथी रांग. गृहस्थ टाळ्या थांबल्यावरही उठले नाहीत.'

म्हणजे तो घरी निघाला नव्हता...

ताई तशीच साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. खोकले परत घालायचेत म्हणाली. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "बाई, डॉक्टरणीनेच रोग वाटायचा? संच छापायला गेलाय. रजा घ्या थोडी."

आणि परत घालणार कुठून? मूळ टेपेची भुकटी झालेली. न कापलेली प्रत ठेवलेली नव्हती. कापलेले खोकले तिने संगणकातल्या कचऱ्यात टाकले होते, आणि शिस्तीची बाई ती, शनिवारी निघताना कचरा रिकामा केला होता.

पंधरा. सोळा. सतरा. अठरा.

एकोणिसाव्या दिवशी ताईला एकच सुचलं. आवाज परत घालता येत नाही, पण ठिगळ तर उसवता येतं! आईची शांतता तिथून काढून घ्यायची. भोक तर भोक. छापलेलं छापलं जाऊ दे, पण जिथं पहिल्यांदा शिवलं तिथलं तरी सुटेल.

ते यंत्र ऑफिसात. मावशी घरी. म्हणून पावणेतीनला तिने फोन लावला.

"आई, फोन ठेवायचा नाही. बोलत राहा माझ्याशी."

"काय बोलू? सकाळीच तर भांडून गेलीस."

"तेच भांड. पण बोल."

मावशी बोलत राहिली. शेजारणीने नेलेली शिडी परत केली नाही. नळ गळतोय. तुझा निळा स्वेटर आटला, मला बोल लावू नकोस. ताईच्या एका कानाला फोन, दुसऱ्या कानात सिंफनीचा शेवट. व्हायोलिनं थांबली. जाड तारा राहिल्या.

तीनला एक मिनिट कमी.

तिने एकोणिसावं ठिगळ पकडलं. अडीच सेकंद.

"... आणि ऐक, येताना माझ्या चपला दुरुस्तीला टाकल्यात त्या..."

ताईने ठिगळ काढलं.

मावशीचं वाक्य तिथंच थांबलं.

फोन चालू होता. पण पलीकडे खोलीसुद्धा उरली नव्हती. ठार मुकं भोक.

मोजून अडीच सेकंद...

मग एक लांब श्वास आला. जाड, म्हाताऱ्या पुरुषाचा. सावकाश सोडलेला.

मग काठी पडली. खडखडत, दोनदा उसळून.

मावशी काठी वापरत नव्हती. त्या घरात काठी नव्हतीच.

"आई?" ताई ओरडली. "आई!"

आणि फोनमधून टाळ्या सुरू झाल्या.

आधी दोन-चार हात. मग रांगाच्या रांगा. मग सगळा हॉल...

ताईने घाईघाईने ठिगळ पुन्हा होतं तिथं बसवलं. टाळ्या बंद झाल्या. बाकी काही झालं नाही.

शेजारणीने दार उघडलं तेव्हा मावशी पलंगावर बसलेलीच होती. फोन मांडीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय होतं. सुखाचं मरण. मीही तेच म्हणत ताईच्या पाठीवरून हात फिरवला.

संच बाजारात आला. फार नावाजला गेला. एका जाणकाराने लिहिलं, या ध्वनिमुद्रणातली शांतता जिवंत वाटते.

खरं आहे. माझ्याकडेही तो आहे. शेवटच्या टाळ्यांआधी आवाज पूर्ण मोठा करून कान लावला, की अगदी बारीक श्वास ऐकू येतो. झोपलेल्या बाईचा. ताई ते अडीच सेकंदच लावते. पुन्हा पुन्हा. संध्याकाळभर.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. खूप दिवसांनी आवाजात जीव होता.

"आई अडकलीय गं तिथं. तिच्या जागी दुसरं ठिगळ बसवलं, की सुटेल ती."

"ताई, पुरे आता."

"तू एकटीच असतेस ना दुपारची?" ती म्हणाली. "आईसारखीच गाढ झोपतेस. लहानपणापासून बघतेय मी."

मी फोन ठेवला. तेव्हापासून दुपारी आडवी होत नाही. ताईकडे माझ्या घराची किल्ली आहे, अडीअडचणीला म्हणून मीच दिलेली. ती परत मागायची हिंमत होत नाही. आई गमावलेल्या बहिणीकडून किल्ली कशी मागायची?

पण काल रात्रभर झोप नव्हती. दुपारी बसल्या जागी डोळे मिटत होते. म्हटलं, पाचच मिनिटं पडू.

जागी झाले तेव्हा सव्वातीन झाले होते. घरात कुणी नव्हतं. दार बंद होतं.

स्वयंपाकघरातली खुर्ची माझ्या उशाशी होती...

आज सकाळपासून घसा खवखवतोय. शेजारीण म्हणते, हवा बदललीय, सगळ्यांचाच बसलाय.

तसंच असेल.

आत्ता अडीच वाजलेत.