गुलाबी साय

आमच्या गावामागच्या टिनच्या बंद खाणीत पाणी साठलंय. उन्हाळ्यात त्यावर गुलाबी साय धरते. ती साय म्हणजे जिवाणू. ज्या आर्सेनिकने माणसं मरतात, त्याच्यावर ते जगतात. हात्याई शहरातल्या विद्यापीठात ते वाढवणं हे माझं काम, आणि ते काही केल्या वाढत नव्हते. पाणी नेलं, चिखल नेला, ऊब दिली, अंधार दिला. दर खेपेला बाटलीत राखाडी गाळ. आमच्या प्रमुखांनी तर जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, आता यीस्ट वाढवणार का, निदान पाव तरी मिळेल.

गावात मी लमियात मावशीकडे उतरायचे. नळ आला तरी ती परसातल्या विहिरीचंच पाणी प्यायची. त्या पाण्याने शेजारणींच्या तळहातांवर काळे डाग पडले, काहीजणी कर्करोगाने गेल्या. मावशीचे तळहात मात्र तान्ह्या बाळासारखे. विहिरीत विष भरपूर होतं. तिच्या केसांत, नखांत, लघवीत काहीच नाही. यंत्र दुरुस्त करून घेतलं, तरी तेच. मी चिडून तपासणीच सोडली.

त्या वर्षी जिल्हा कचेरीच्या लोकांनी सगळ्या विहिरी बुजवल्या. मावशी नळाचं पाणी पिऊ लागली आणि वाळत चालली. भात, आंबट मासळीचा रस्सा, सगळं चाटूनपुसून खायची, तरी अंगावर मांस म्हणून उरलं नाही. डॉक्टरांना रोग सापडेना.

"नुई," ती मला म्हणाली, "त्या नळाच्या पाण्याने तहान भागते ग. भूक नाही भागत."

"पाण्याने भूक भागत नसते, मावशी."

"तुला काय कळतंय."

दुसऱ्या दिवशी तिला मानही उचलवेना. मी खाणीवर गेले, पेला भरून आणला आणि आपल्या हाताने तिच्या ओठांना लावला. मला काय वाटत होतं ते सांगता येणार नाही. संध्याकाळी ती उठून बसली आणि भात मागितला.

पेल्याच्या तळाशी घोटभर उरलं होतं. ते मी बाटलीत घालून हात्याईला नेलं, आणि बाटलीत साय धरली. दाट, गुलाबी. प्रमुखांनी पाठ थोपटली.

पण ती एकाच बाजूला धरत होती. उजेडाकडे जात असेल म्हणून बाटली बंद कपाटात ठेवली. तरी उत्तरेकडेच, आमच्या गावाकडे. बाटली फिरवली. सकाळी साय पुन्हा उत्तरेला.

मग एका दुपारी पाहिलं तर ती प्रयोगशाळेच्या दाराच्या बाजूला सरकलेली.

मी दार उघडलं. बाहेर मावशी उभी होती. गाव सोडून ती कधी कुठे गेली नव्हती. माझा पत्ताही तिला ठाऊक नव्हता.

"मावशी, तू एकटी?"

ती माझ्या बाजूने आत गेली. कपाट उघडलं, बाटलीला तळहात लावला. साय काचेपाशी आली, तिच्या पाच बोटांसारखी पसरली.

"उपाशी ठेवलंस ग लेकरांना," ती म्हणाली आणि झाकण फिरवू लागली.