लहूचा घसा सुटला ती रात्र

मी निघालो होतो फक्त ज्येष्ठमध आणायला. छप्पन सालचा जानेवारी, वीस तारीख, शुक्रवार. चार वर्षं झाली. आता येत्या मे महिन्यात मराठी राज्य मिळणार म्हणतात. मिळू दे.

त्याच मागणीच्या दंगलीत शेजारच्या खोलीतल्या लहूला पोलिसांची गोळी लागलेली. पाठीतून पोटात. परळच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. भूल देताना घशात नळी घातलेली, त्याने घसा पार सोलवटला. थुंकी गिळवेना, शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत बरा होईल. नर्सबाई हळूच म्हणाली, "ज्येष्ठमध आणा. उगाळून मधातून चाटवू."

लालबागला काष्ठौषधीवाल्याकडून पुडी घेतली आणि संचारबंदी लागली. रस्त्यावर बंदूकवाले. रात्रभर चाळीतच अडकलो.

सकाळी इस्पितळात गेलो, तर लहू बोलत होता. स्वच्छ.

"घसा कसा सुटला रे?"

"रखमामावशीनं ज्येष्ठमध चाटवलं. रात्री दोनला आलेली."

मी हातातली पुडी खिशात सारली.

"बोट गार होतं तिचं, कुशाबा. मग विचारलं, माझो झील शेवटी काय बोल्लो रे?"

झील म्हणजे तिचा मुलगा रघू. एकुलता एक; दोघं आमच्याच चाळीतली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो गोळी लागून पडला, तेव्हा लहू त्याच्या शेजारी होता.

"काय सांगितलंस?"

"खोटं सांगणार होतो. जयजयकार करत गेला म्हणून... पण तोंडातून खरंच आलं. पाणी मागत होता, मावशी. माझा पाय धरलेला त्यानं. मी झटकला... नि पळालो. मग मला लागली."

चाळीत सगळे लहूला वीर म्हणत होते.

"मावशी काय म्हणाली?"

"नुसती खाटेच्या पायथ्याकडे बघत बसली. तिथं कुणी नव्हतं, कुशाबा... कुणीच नव्हतं."

मी त्याला सांगितलं नाही. आजवर नाही. पोलिसांकडे रघूचं प्रेत मागायला रखमा दोन दिवस वणवण फिरली. मिळालं नाही. गुरुवारी दुपारी, मी पुडी आणायला निघालो त्याच्या आदल्याच दिवशी, चाळीच्या जिन्यातच कोसळली ती उठलीच नाही. तिला खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

त्या सकाळी लहूच्या खाटेशी मी मान खाली घातली...

फरशीवर ओली पावलं. अनवाणी. मोठी, पुरुषाची. दारापासून खाटेच्या पायथ्यापर्यंत आलेली.

परत गेलेली नव्हती.